शिपायाचं पाणी

आमच्या सासरी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांसाठी दोन ठिकाणी पाणी भरतात. घरात एक घागर आणि वावरात एक मडकं. घरातल्या घागरीचा थाट मोठा. खाली गव्हाची रास, वर मातीची लोटी, लोटीवर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, दोन सांजोऱ्या. वावरातल्या मडक्याला यातलं काही नाही. बांधावरच्या निंबाखाली ते ठेवायचं आणि तोंडावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकर झाकायची. घरातली घागर शिपायाची, वावरातलं मडकं गड्याचं. लग्न होऊन एरंडोल तालुक्यातल्या या गावी आले तेव्हा मला एवढंच सांगितलं गेलं, आणि पुढे जवळजवळ सगळा जन्म मला तेवढं पुरलं.

शिपाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे पणजोबा. शेतकरी माणूस. पण ऐन उमेदीत इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला, समुद्रापार की डोंगरापार कुठेतरी लढाईला गेला आणि तिकडेच मेला. माझे सासरे काबूल म्हणायचे, त्यांचे चुलतभाऊ हबसाण म्हणायचे, आणि दोघांनीही जळगावच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. गडी म्हणजे कोणी सालदार, वर्षाच्या बोलीनं ठेवलेला शेतगडी. त्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं. आमच्या वावरात मेला म्हणून त्यालाही घोटभर पाणी. मला हे फार उदार वाटलं. माझ्या सासरची माणसं गड्यालासुद्धा पाणी देतात, असं मी धुळ्याला माहेरी मिरवून सांगितलं.

त्या वेळची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. धुळ्यासारख्या शहरातली, मॅट्रिक झालेली, आणि गावच्या प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागल्यावर तर जमिनीला पाय टेकवायला तयार नाही. शिपायाची गोष्ट मला आयती मिळाली. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण ठोकायला घरचाच वीर. अडचण एकच होती. वीर इंग्रजांच्या बाजूनं लढलेला. ती मी एका वाक्यात मिटवली. "आणि ऐन रणात त्यांनी बंदूक इंग्रजांकडे वळवली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मी त्यांना घोडा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी घोडा पांढरा झाला. एकदा सरपंच भाषण संपल्यावर हळूच म्हणाले, "बाई, मागल्या साली त्यासले गोयी छातीमा लागनी व्हती. औंदा कपायमा कशी लागनी?" मी म्हटलं, "दोन लागल्या होत्या." सरपंच बराच वेळ मान हलवत राहिले. मला वाटलं, त्यांना पटलं.

गड्याबद्दल मात्र मी कधी कोणाला काही विचारलं नाही. गड्याचं काय विचारायचं?

आता नानांबद्दल सांगते. नाना म्हणजे माझे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. जेठानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत, आणि नाना रीत मोडणाऱ्यांतले नव्हेत. माझी पोरं मोठी झाली तरी ते माझ्याशी दाराच्या चौकटीमार्फतच बोलत. चौकटीकडे तोंड करून म्हणायचे, "धुयेवालीले सांग, वरनमा मीठ जास्त व्हयनं." मी आतून चौकटीलाच उत्तर द्यायची, "नानांना सांगा, शहरातलं मीठ आहे, बेतानं खा." माझा नवरा मध्ये बसून हसायचा. तो गेला त्याच्या तेराव्याला मी जेवायला उठत नव्हते. नाना दारात आले. चौकटीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "धुयेवाली, जेवी ले." त्या दिवसापासून आम्ही बोलतो. दोघंही म्हातारे झालो होतो, लाजायला कोणी उरलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात चोपड्याला भाऊबंदांत एकाचं दहावं होतं. नाना मुलाबरोबर गाडीनं गेले. तिथे त्यांची फुई होती. फुई म्हणजे आत्या, नानांच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी कधीच मागे टाकलेली, कान गेलेले, जीभ शाबूत. पानावर बसता बसता ती नानांना म्हणाली, "तुम्ही शिपायाले घरमा पानी देतस. तो तं बाहेर बठेल शे." एवढं बोलून वरण वाढणारीला हाक मारली आणि जेवायला लागली. नानांनी दोनदा विचारलं. तिला ऐकूच आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

घरी आल्यापासून नानांचं बिनसलं. ओट्यावर वावराकडे तोंड करून बसायला लागले. भाकर अर्धी ठेवायची, चहा थंड करायचा. त्यांचं हृदय आधीच अधू, जळगावच्या डॉक्टरनं चालण्याफिरण्यावर मोजमाप घातलेलं. मुलाला वाटलं, दुखणं वाढलं. मी जाऊन शेजारी बसले तेव्हा म्हणाले, "धुयेवाली, मी इतला वरीस कोनाले पानी दिनं?"

आमच्याकडे आखाजीच्या सकाळी घरातला थोरला पुरुष उंबऱ्याची पूजा करतो. कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर टेकवतो आणि एका बोटाला एका पितराचं नाव घेतो. बाप, आजा, पणजा. ज्याचं नाव घेतलं त्याला त्या दिवसाचं पाणी पोचतं. वडील गेल्यापासून हे काम नानांचं. पणजा म्हणून ते शिपायाचं नाव घेत आले. शिपाई जर घरात नसेल, बाहेर बसलेला असेल, तर घरातलं पाणी भलताच कोणी पीत होता आणि ज्याचं होतं तो इतकी वर्षं कोरडा होता. नानांचा हिशेब असा सरळ होता.

मी म्हटलं, "नाना, पाणी आहे ते. पोस्टाचं पार्सल आहे का, पत्ता चुकला म्हणून परत यायला?"

नाना हसले नाहीत. एरवी हसतात. म्हणाले, "हाई मनी शेवटली आखाजी शे. माले म्हाईत करी दे."

तर मी इतिहास शोधायला वगैरे निघाले नव्हते. एका म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्यावर बोट टेकवताना कोणाचं नाव घ्यायचं, एवढं हवं होतं. आखाजीला अजून अवकाश होता, आणि नानांकडे बघितलं की तो अवकाश फार थोडा वाटायचा.

पहिल्यांदा पुण्याच्या नातीला फोन केला. तिनं कॉम्प्युटरवर खूप शोधलं. पलटणी सापडल्या, लढाया सापडल्या, गोऱ्या साहेबांची नावं त्यांच्या कुत्र्यांसकट सापडली. आमचा शिपाई काही सापडला नाही. "आजी, त्यांचं पूर्ण नाव कोणत्या स्पेलिंगनं लिहिलं असेल?" ती विचारायची. मी म्हणायची, "बाळा, त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं. स्पेलिंग ज्यानं लिहिलं त्याच्या मर्जीवर."

मग गावातल्या जुन्या माणसांकडे गेले. पारावर एक गृहस्थ बसतात, चष्मा, पांढऱ्या मिश्या. माझ्याच हाताखाली दुसरी-तिसरी शिकलेले. मी विचारलं, तुमच्या वडिलांनी, आज्यानं आमच्या शिपायाचं काही सांगितलं होतं का? ते सावरून बसले. "सांगितलं म्हणजे? सगळं पाठ आहे, बाई. पांढरा घोडा होता त्यांचा. दोन गोळ्या लागल्या, एक छातीत, एक कपाळात. तरी बंदूक इंग्रजांकडे वळवलीच."

"हे तुम्हाला वडिलांनी सांगितलं?"

"वडिलांनीच. दुसरं कोण सांगणार?"

मी आणखी तीन घरं फिरले. तिन्ही घरांत घोडा होता. एका घरात तर त्याला नावही ठेवलेलं होतं. पहिल्या घरी मला हसू आलं, दुसऱ्या घरीही आलं. तिसऱ्या घरातून बाहेर पडले आणि गल्लीतच उभी राहिले. गावाला जे थोडंफार खरं आठवत असेल त्याच्यावर मी स्वतः खडूच्या हातानं पांढरा घोडा रंगवून ठेवला होता, आणि आता खालचं काही दिसत नव्हतं.

पुतण्या म्हणजे नानांचा मुलगा वैतागला. "काकू, त्यांच्या डोक्यात आधीच कमी आहे का? फुईबाईंचं वय झालंय. काही बोलतात."

"मग वय झालेल्यांचं वय झालेल्यांनाच विचारू दे," मी म्हटलं आणि चोपड्याची बस धरली.

बस धरणगाववरून जाते. उन्हं तापायला लागली होती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर लावलेल्या, वावरं उघडी. तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा लागतात आणि सावली बघूनच माणसाला जरा बरं वाटतं. मला त्या दिवशी वाटलं नाही. फुईनं खरंच काही सांगितलं तर ते नानांना सांगावं लागेल, ही गोष्ट पुलावर बस आल्यावर माझ्या ध्यानात आली.

फुई ओट्यावर खाटेवर बसली होती. हातात मशेरीची डबी. तिच्या नातसुनेनं माझी ओळख सांगितली, ओरडून. फुईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"धुयेवाली का? ती भाषनवाली?"

माझी कीर्ती तापी ओलांडून गेलेली होती.

फुईला बहिरेपणामुळे सगळं ओरडून विचारावं लागतं. म्हणजे घरातल्या बायकांनी इतक्या पिढ्या कुजबुजत सांभाळलेली गोष्ट मला गल्लीभर ऐकू जाईल अशी विचारावी लागली. समोरच्या घरातली बाई धान्य पाखडायची थांबली ती थांबलीच. मी ओरडले, "फुई, शिपाई बाहेर बसला म्हणजे काय?"

"तुले म्हाईत नही?"

"नाही."

"इतला वरीस व्हयनात लगीनले. आखाजीले कोठे ऱ्हास तू?"

"धुळ्याला जायची. माहेरी."

"मंग," फुई म्हणाली आणि मशेरी लावायला लागली.

त्या एका 'मंग'मध्ये सगळं होतं, पण ते मला बसमध्ये परत येताना कळलं. आखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण. सुना माहेरी जातात, लेकी घरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी आणि गप्पा. पुरुष सकाळची पूजा उरकली की पत्ते कुटायला बसतात ते दिवे लागेपर्यंत उठत नाहीत. म्हणजे वावरात मडकं कोण घेऊन जाणार? लेकी. झोक्यावर जुन्या गोष्टी कोण ऐकणार? लेकी. आणि त्या गोष्टी घेऊन दुसऱ्यांच्या घरी कोण निघून जाणार? त्याच. घरात राहिलो आम्ही सुना, ज्या त्या दिवशी कधी घरात नव्हतो, आणि पुरुष, ज्यांच्या हातात पत्ते होते.

फुई सांगत होती ते मी इथे माझ्या भाषेत सांगते. तिचं बोलणं तुटक होतं, मध्येच ती नातसुनेला चहात साखर किती घालायची ते सांगायची.

शिपाई लढाईला गेला तेव्हा त्याचं नवं लग्न झालेलं. बायको पोर होती. बरीच वर्षं काही खबर नाही. मग त्याच पलटणीतला शेजारच्या गावचा कोणी परत आला, त्यानं सांगितलं, मेला. प्रेत नव्हतं, म्हणून कणकेचा माणूस करून तो जाळला, दहावं-तेरावं केलं, सगळं रीतसर. शिपायाला धाकटा भाऊ होता. वर्ष उलटल्यावर शिपायाच्या विधवेचा त्या धाकट्याशी पाट लावला. आपल्याकडे तेव्हा लावत असत, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. पोरीला घर राहिलं, घराला सून राहिली.

आणि मग शिपाई चालत आला.

"आखाजीलेच ऊना," फुई म्हणाली. "सकायले. त्याना बाप उंबऱ्यावर त्यानंच नाव ली राहिंता, तवय समोर येई उभा राहिना. असं मनी माय सांगे."

हे मात्र मला जरा रचलेलं वाटलं. मीसुद्धा असंच रचलं असतं. पण फुईच्या आईनं रचलं असेल तर तिनं मडकं रचलेलं नव्हतं. धुळ्याला जाणं बंद झाल्यापासून ते मी स्वतः बघत आले होते.

शिपाई लंगडत होता, दाढी वाढलेली. आईनं ओळखलं आणि किंचाळून दार लावून घेतलं. भूत म्हणून. बाप आतल्या बाजूनं दाराला पाठ लावून बसला. गावानं खूप खल केला. ज्याचं दहावं-तेरावं झालं तो माणूस पुन्हा घरात घ्यायचा तर त्याला नवा जन्म द्यावा लागतो. न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, लग्न लावायचं, आणि तेही त्याच्याच बायकोशी. मग धाकट्याचं काय? पाट मोडायचा? तो मोडला तर ती पोर दोनदा कोणाची आणि शेवटी कोणाचीच नाही. चार शहाणे चार बाजूंनी बोलत होते. शिपाई निंबाखाली बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मी मरेल शे. मरेलच राहू द्या."

आखाजीला सालदारांचं जुनं साल संपतं, नवं लागतं. त्याच दिवशी तो आपल्या सख्ख्या भावाच्या वावरात सालदार म्हणून राहिला. घरात कधी आला नाही. उंबरा ओलांडला नाही. तिथेच झोपडी घातली, आपलीच जमीन गड्यासारखी कसली, म्हातारा झाला, मेला. मेल्यावर त्याला जाळलं तेव्हा तेरावं कोणी केलं नाही. ते आधीच होऊन गेलेलं होतं.

मी मोठ्यानं विचारायचं विसरले. हळू आवाजातच म्हणाले, "म्हणजे गडी म्हणजे शिपाई."

फुईला ओठांवरून कळलं. "घरमा ज्याले पानी देतस तो बी नावनाच शिपाई. पानी पेस तो धाकला. घर त्यानं, घागर त्यानी."

"आणि मडकं कोण ठेवायचं?"

"आजी. मनी आजी." फुईची आजी म्हणजे तीच ती पोर, दोघा भावांची बायको. फुईनं तिला म्हातारपणी पाहिलेलं. आखाजीला मडकं घेऊन आजी वावरात जायची, सात-आठ वर्षांची फुई भाकर धरून मागे. "मडकं ठी दे आनि त्याले रागे भरे. 'ऊठ, पानी पी ले, मंग रुसजो.' मी इचारं, आजी, कोन शे हाऊ? तं मनी थोबाडमा मारी. जनमभरमा एकच सावा मारी तिनी माले."

नातसुनेनं चहा आणला. फुईनं बशीत ओतून प्यायला. मग म्हणाली, "त्याले भाकर कोन लई जाये रोज वावरमा?"

मी म्हटलं, "तीच."

"मना बाप कवय व्हयना? तो ऊना, त्याना मांगून दीड-दोन वरीसमा."

"मग?"

"मंग काय. तिलेच म्हाईत," फुई म्हणाली. एकदा हसली, आणि लगेच गप्प झाली, जणू कोणी पुन्हा थोबाडीत मारली असावी.

फुईचा बाप म्हणजे नानांचे आजोबा. तो शिपायाचा की धाकट्याचा, हे कोणाला माहीत नव्हतं. त्या बाईला माहीत असेल. कदाचित तिलाही नसेल. समोरच्या बाईनं सूप खाली ठेवून दिलं होतं.

परत येताना बसमध्ये मी नानांना सांगायच्या गोष्टी तयार करत होते. मला ते काम येतं, आयुष्यभर तेच केलं. "फुईला भ्रम झालाय." "शिपाई परत आला, पण लगेच मेला." एक तर इतकी छान जमली होती की तीत सगळ्यांना पाणी मिळत होतं. धरणगावला बस थांबली तेव्हा मी ती गोष्ट मनात पहिल्यापासून म्हणून बघितली. तीत पांढरा घोडा नव्हता एवढंच.

नानांना मी खरं सांगितलं. सगळं, भाकरीसकट. ते ओट्यावर बसले होते. मी संपवलं तरी वावराकडेच बघत राहिले. मग चौकटीकडे वळून म्हणाले, "तिले सांग, थकनी व्हई, पानी पी ले."

त्यानंतर किती तरी दिवस ते माझ्याशी पुन्हा चौकटीमार्फत बोलत राहिले. रागानं नव्हे, मला कळत होतं. ज्या बाईनं त्यांच्या आजोबांचा बाप त्यांच्याकडून काढून घेतला तिच्याकडे बघायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. मीही चौकटीलाच उत्तरं दिली. पण आधीसारखी टोचणारी उत्तरं सुचत नव्हती.

पुतण्या मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, "काकू, काय मिळवलंत? आधी त्यांना एक पणजा तरी होता."

मी भाजी चिरत होते. म्हटलं, "हो रे." दुसरं काय म्हणणार? त्याचं बरोबर होतं. आणि नानांनी विचारलं होतं, तेही बरोबर होतं. विळीवर बोट कापलं तेव्हा रडायला एक कारण मिळालं म्हणून जरा रडून घेतलं.

आखाजी आली. धुळ्याला आता माझं कोणी नाही, त्यामुळे अलीकडे मी सासरीच असते. सकाळी उंबरा धुतला, रांगोळी काढली. नाना पाटावर बसले, समोर कुंकवाची वाटी. पहिलं बोट, वडिलांचं नाव. दुसरं बोट, आजोबांचं नाव. तिसऱ्यांदा बोट कुंकवात बुडवलं आणि उंबऱ्याच्या वर धरलं. ते तिथेच राहिलं. कुंकवाचे कण खाली पडत होते.

पुतण्या म्हणाला, "नाना, घ्या ना. शिपायाचं घ्या. नेहमीचं."

"तो आठे ये नही."

"मग धाकट्याचं घ्या."

"आनि तो नसी तं?"

नानांनी मान वर केली. चौकटीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "धुयेवाली, तिनं नाव काय व्हतं?"

एक तीच नक्की होती. दोघांपैकी बाप कोणीही असो, आई तीच. मला चोपड्याच्या ओट्यावर हे सुचलं नव्हतं. सगळं विचारून आले आणि नाव विचारलं नाही. आम्ही फुईला फोन लावला. नातसुनेनं तिच्या कानाशी फोन धरला आणि स्वतःच ओरडून विचारलं. इकडे आम्हाला दोघींचं ऐकू येत होतं.

"तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

"आजी."

"नाव, नाव. आजीचं नाव."

"आजीच म्हनूत आम्ही."

"दुसरं कोणी काय म्हणायचं?"

मग फुईचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "मी कधी इचारंच नही."

नानांनी उंबऱ्यावर बोट टेकवलं. नाव घेतलं नाही. ओठ हलले, पण मी अगदी जवळ होते, आवाज नव्हता. मग निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकली, घागरीला नमस्कार केला. पान वाढलं तर म्हणाले, आधी वावरात जायचं.

पुतण्यानं गाडी बांधापर्यंत नेली. ऊन मरणाचं होतं. नानांना धरून निंबाखाली बसवलं. नाना म्हणाले होते म्हणून मी मडक्याऐवजी मोठी घागर आणली होती, घरातल्यासारखीच. ती भरून ठेवली, वर भाकर झाकली. मी तोंडातल्या तोंडात त्या अनोळखी म्हातारीचं वाक्य म्हटलं, ऊठ, पानी पी ले. मला ते शोभलं नाही. रागावण्याचा अधिकार तिचा होता.

नाना घागरीकडे बघत होते. मग त्यांनी भाकर बाजूला केली, घागर दोन्ही हातांनी तिरकी केली आणि तोंड लावलं.

पुतण्या पुढे झाला. "नाना, काय करताय? पितरांचं पाणी आहे ते."

नानांनी तोंड बाजूला करून श्वास घेतला. "कोनानं का असेना, रगत मना आंगमाच शे ना," ते म्हणाले. पुन्हा तोंड लावलं. पाणी हनुवटीवरून, छातीवरून, बंडीवरून ओघळत होतं. पुतण्यानं घागरीकडे हात नेला आणि मागे ओढला. कोणाला थांबवायचं आणि कोणाच्या वतीनं, हे आमच्यातल्या कोणालाच कळत नव्हतं.

अर्धी घागर संपली तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली. धापा टाकत होते. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत त्यांना हात लावायची ती पहिली वेळ. मी विचारलं, "नाना, आता बरं वाटतंय?"

ते उघड्या वावराकडे बघत होते.

"तीस गयी नही," नाना म्हणाले. तहान गेली नाही.